झाकण

दुकानात स्क्रू उरतात तसे किस्से उरतात. कुठल्या यंत्राचे ते आठवत नाही, पण फेकवत नाहीत.

गिरीज गावात माझं पंपाच्या मोटारी रिवाइंडिंगचं दुकान. शाळा चौथीपर्यंत. नियम एकच: झाकण गिऱ्हाइकासमोर उघडायचं. केळीची वाडी असलेला इनास पंप आणायचा, चष्मा लावून आत बघायचा.

"काय समजलं?" मी विचारायचो.

"काही नाही. पण बघितलं की झोप लागते!"

*

माझी मुलगी नीता कॉम्प्युटर शिकली. दुकानातच टेबल टाकून तिने प्रोग्रॅम लिहिला. फोनमध्ये वेळ लावायची, पंप आपोआप सुरू! पहिला पंप इनासचा. "भाऊ, आता माझी केळी इंग्रजीत पाणी पितात!" असं सगळ्या गावाला सांगत फिरला. नीता म्हणाली, "बाबा, मी नोकरी नाही करणार. इथेच बसणार." मी दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर पंखा लावला.

*

महिन्याभरात पंप सुरू होईना. केळी माना टाकायला लागली.

"माझा प्रोग्रॅम बरोबर आहे," नीता म्हणाली. "फोनची सिस्टिम त्याला मध्येच झोपवते."

"का?"

"ते दिसत नाही. आतलं कंपनी दाखवत नाही."

"झाकण उघड."

"बाबा, त्याला झाकणच नाही!"

इनास म्हणाला, "मग आत घातलंच कुठून?"

*

नीताने कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.

"हे केळींना वाचून दाखव!" इनास म्हणाला.

*

एके दिवशी फोन अपडेट झाला आणि पंप आपोआप चालू! इनास पेढे घेऊन आला. नीताने पेढ्याला हात लावला नाही.

"दुरुस्त झालं ना?"

"काका, मी काहीच केलं नाही."

आठवड्यात पुन्हा बंद. इनासने जुना स्विच बसवून घेतला. मीच बसवला. नीता टेबलाशी बसून बघत होती.

*

मग तिने त्याच कंपनीत अर्ज केला. बंगळूरला. "आत जाऊनच बघते," म्हणाली. मी म्हटलं, "जा. बघून ये." टेबल अजून तिथेच आहे. वर मोटारी ठेवत नाही.

*

गणपतीला आली. दुकानात इनास चष्मा लावून तयारच होता.

"बघितलंस आतलं?" मी विचारलं.

"बघितलं."

"पंप का थांबायचा, कळलं?"

"कळलं."

"मग सांग."

ती पंख्याकडे बघत राहिली. "बाबा, आतलं बाहेर सांगायचं नाही, अशी सही घेतलीय."

इनासने चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला.

"भाऊ, पोरीलाच झाकण बसवलं की रे!"