पितराच्या पाटावर

लग्नाच्या अ‍ॅपवर माझी माहिती आत्तेभावानं भरली. मी तेव्हा सीमेवरच्या चौकीत, आणि तो कराडला मोबाइलचं दुकान चालवतो, म्हणजे या विषयातला घरचा जाणकार तोच. वर्दीतला फोटो टाकायचा नाही अशी आम्हाला सक्त ताकीद असते, तर या पठ्ठ्यानं माझा उसाच्या बांधावर बैलाशेजारी उभा असलेला फोटो टाकला. मी फोनवर त्याला शिव्या घातल्या. तो म्हणाला, एकतिशी उलटली, आता फोटोनं काय होणार आहे, गप बस.

एक जमाना होता म्हणे, फौजी म्हटलं की पोरीचा बाप आपल्या पायानं दारात यायचा. आमच्या कुंडलच्या बाजूला घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळे ते ऐकून ऐकून कान किटले होते. आता पोरी सरळ विचारतात, नवरा वर्षातनं दोनदा येणार आणि आम्ही सासूबरोबर वैरण काढायची व्हय? त्यांचं चुकतं असंही नाही. मी पोरगी असतो तर मीही हेच विचारलं असतं. राग यायचा तो वेगळ्या गोष्टीचा. अ‍ॅपवर नकारसुद्धा धड येत नाही, समोरचं माणूस नुसतं गप्प होतं. अरे, तोंडावर नाही म्हणा की.

मग एक दिवस तिचा मेसेज आला. पगार नाही, शेती नाही, नुसता प्रश्न: फोटोतला बैल कुणाचा? मी लिहिलं, माझाच. तिनं विचारलं, त्याचं लग्न झालंय का? मी एकटाच इतका हसलो की शेजारच्या खाटेवरच्या पंजाबी गड्यानं माझ्या हातातला फोन काढून बघितला.

ती सांगलीच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. घर कवठे महांकाळच्या अलीकडच्या एका खेड्यात, वडिलांची द्राक्षबाग. जात एक, कूळ आणि देवक वेगळं, म्हणजे सगळं जमत होतं. अ‍ॅप तेवढी चाळणी आधीच लावतं. आमच्याकडं बोलण्याइतकी रेंज यायची टेकडीच्या एका टोकावर, तिथं उभं राहून मी तिच्याशी बोलायचो. काय बोलायचो म्हणाल तर काहीच नाही. आज दवाखान्यात कोण सुई बघून पडलं, आज आमच्याकडं भाजीत काय होतं. पण एखाद्या दिवशी रेंज आली नाही तर मला जेवण जायचं नाही. आमच्या पलटणीच्या मंदिरातले पंडितजी म्हणाले होते, लग्नाआधी रोज पहाटे डोळे मिटून बसत जा, आपल्याला कसली सोबत हवी आहे ते मनाला विचार. मी बसलो. मनाला विचारलं की तिचंच बोलणं ऐकू यायचं, त्यामुळे चार दिवसांत ते बसणं सोडलं आणि त्या वेळात तिला मेसेज करू लागलो.

आम्ही ठरवलं होतं, दसऱ्याच्या सुमारास मी रजा काढायची आणि घरच्यांना घेऊन रीतसर बघायला जायचं. तोवर तिच्या घरी काही बोलायचं नाही. ऑगस्टात तिचा फोन आला, आवाज बारीक. पुण्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा कंपनीत, फ्लॅट स्वतःचा. वडील खूश होते. ती म्हणाली, तुमचे लोक आधी आले तर मला बोलायला तोंड राहील. मी सायबांच्या हातापाया पडून रजा अलीकडं ओढून घेतली. तारीख हातात आली तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं होतं. आईला फोन लावला. आईनं तारीख दोनदा विचारली.

मग म्हणाली, "आरं, तवा पितरांचा पंधरवडा हाय की रं."

पलटणीच्या कॅलेंडरवर तिथ्या नसतात. रजेचा पहिला दिवस पंधरवड्याचा पहिला दिवस होता, आणि सर्वपित्रीला मला परतीच्या गाडीत बसायचं होतं. घट बसणार त्याच्या आदल्या दिवशी. मी रजा पुढं ढकलायला गेलो, तर सायबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी सलाम ठोकून बाहेर आलो.

तरी गावी आलो, म्हटलं घरचे काही दगडाचे नाहीत. आई म्हणाली थोरल्या चुलत्यांना विचार. चुलते म्हणाले, माझं काही नाही गड्या, पण याच पंधरवड्यात आमच्या आईची तिथी, सोयरिकीचा चहा घशाखाली उतरायचा कसा? मी गुरुजींकडं गेलो. ते म्हणाले, नुसतं बोलायला शास्त्रात कुठंही अडकाठी नाही. मी म्हटलं, मग हे आमच्या चुलत्यांना येऊन सांगा. ते म्हणाले, ते नको, लोक मलाच नावं ठेवतील. कुणीही वाईट माणूस नव्हता. कुणी एकजण वाईट असता तर मी निदान भांडलो तरी असतो.

सांगलीला जाऊन तिला भेटलो, पहिल्यांदाच. दवाखान्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. फोनवर धबाधबा बोलणारी बाई समोर बसून कपाकडं बघत होती, आणि मीही काही कमी नव्हतो. शेवटी निघताना ती म्हणाली, पुण्याचे लोक दुसऱ्या माळेला येणार आहेत. मी विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? ती म्हणाली, "मी काय म्हणायचं ते म्हणेन. पण तुमचं माणूस बाबांनी एकदा डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे. बिनचेहऱ्याच्या माणसासाठी मी किती भांडू?"

ते माझ्या डोक्यात बसलं. दोन दिवस घरात तळमळत काढले आणि तिसऱ्या दिवशी कुणालाच न सांगता आत्तेभावाची मोटारसायकल काढली. तिलाही सांगितलं नाही. ती ड्यूटीवर असणार, आणि पोरगी घरात नसताना बापाशी बोलणं जास्त शोभून दिसतं असा माझा हिशेब. वाटेभर बोलणं जुळवत होतो. आधी नमस्कार, मग माझी नोकरी, मग शेती, मग शांतपणे विषय.

ऊन चांगलं तापल्यावर त्यांच्या दारात गाडी उभी केली. अंगणात चार-सहा माणसं ताटकळत उभी, वर छपराकडं बघत. छपरावर केळीचं पान आणि पानावर कावळा. त्यानं घास उचलला, तशी सगळ्यांची नजर खाली आली ती थेट माझ्यावर. पांढऱ्या मिशांचा एक माणूस लगबगीनं पुढं आला. त्याचे डोळे हुबेहूब तिच्यासारखे, म्हणून मी ओळखलं की हेच वडील. मी नमस्कार केला, म्हणालो, मी फौजेत असतो, कुंडलकडचा, जरा बोलायचं होतं.

"फौजी?" त्यांचा चेहरा उजळला. "आधी बसा. मग बोलू."

माझा हात धरून त्यांनी मला सोप्यात नेलं. स्वतः तांब्या घेऊन माझे पाय धुतले. कपाळाला गंध लावलं, खांद्यावर नवा टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली, पाटावर बसवलं. मी काही विलायतेत वाढलो नाही. आमच्याही घरी तिथीला परक्या कुळातला माणूस बोलावून पितराच्या जागी बसवतात, मी डोळ्यांनी बघत आलोय. पाय धुतले तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण माझं डोकं होतं शेतीचा विषय कुठं काढायचा त्यात. मला वाटलं, फौजीचा मान ठेवतायत. मला वाटलं, बघ गड्या, उगाच घाबरत होतास, काम झालंच म्हणून समज.

ताट आलं. वडे, भजी, आमटी, गवारीची भाजी, भोपळा. पहिला घास घेतला आणि शेजारचा एक म्हातारा वडिलांना म्हणाला, बरं झालं बाबा, रोजचा माणूस मिरजेला दवाखान्यात अडकला, म्हटलं आता पितर उपाशी राहतंय का काय. वडील म्हणाले, म्हाताऱ्यानंच धाडला ह्यो पाव्हणा. नातू फौजेत जावा म्हणून जल्मभर जीव टाकला त्यानं.

माझा घास तिथंच थांबला. समोरच्या भिंतीवर हार घातलेल्या फोटोत एक म्हातारा माझ्याकडं बघत होता. मी आता कोण होतो ते मला कळलं.

उठता येईना. पितर अर्ध्या ताटावरनं उठला तर घराला लागतं. बोलता येईना, पितरानं जेवताना बोलायचं नसतं, आणि अंगणात उन्हातान्हात थांबलेली उपाशी माणसं माझं जेवण उरकायची वाट बघत होती. मी मुकाट गिळत राहिलो. वडील म्हणत होते, भजी अजून वाढा, म्हाताऱ्याला भजी लय आवडायची. आणि तेवढ्यात आतनं खिरीचं भांडं घेऊन ती बाहेर आली.

आज्याची तिथी म्हणून तिनं ड्यूटी बदलून घेतली होती. हे असलं कोण कुणाला मेसेजमध्ये सांगतं? मला बघून ती उंबऱ्यातच थांबली. तिनं माझ्या कपाळावरचं गंध बघितलं, टोपी बघितली, टॉवेल बघितला. तिला सगळं एका क्षणात कळलं, माझ्यापेक्षा लवकर. वडील म्हणाले, वाढ की गं. तिनं वाढली. खीर ताटाबाहेर सांडली. मी मान वर केली नाही.

मी हात धुतल्यावर घरातले एकेक पाया पडायला लागले. वडील पडले, म्हणाले, चुकलंमाकलं पोटात घाला. तिची आई पडली. चुलता, चुलती पडले. ती भिंतीला टेकून उभी होती. "ये गं," वडिलांनी हाक मारली, "आज्याच्या पाया पड. आशीर्वाद घे, म्हणावं माझं लगीन चांगल्या घरी हुंदे."

ती आली. वाकली. तिच्या बोटांचा माझ्या पायांना झालेला तो स्पर्श हाच तिचा मला झालेला पहिला आणि शेवटचा स्पर्श. वडील म्हणाले, द्या की आशीर्वाद. मी काय पुटपुटलो मला आठवत नाही.

पंगत उठल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. कोण, कशासाठी आलो, किती दिवस बोलतोय, सगळं. मला वाटलं होतं ते ओरडतील, काठी घेतील. ते माझ्याशेजारी जोत्यावर बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी बघितलं.

"आवं, आधी सांगायचं तरी हुतं. मी तुमचं पाय धुतलं. माझ्या बाच्या जागी बसलासा तुमी. त्याच पायावर आता पोरगी कशी घालू?"

मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, मलाबी न्हाई. तीन दिवस मी तिला फोन करत राहिलो. आत्तेभावाला पाठवला, पुन्हा गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, असं कधी ऐकलं नाही बाबा. ती एकदाच बोलली. म्हणाली, मी भांडले. पण ते रागावले असते तर भांडता आलं असतं, ते नुसते रडतात हो. सर्वपित्रीला मी गाडीत बसलो.

दुसऱ्या माळेला पुण्याचे लोक आले. दिवाळीनंतर लग्न झालं, हे आत्तेभावाकडनं कळलं. अ‍ॅपवरची माझी माहिती मी काढून टाकायला सांगितली. तो म्हणाला राहू दे, मी म्हटलं तुझ्या बापाचं काय जातंय, काढ. आई अजून ठिकाणं आणते, मी फोटो बघून परत करतो. टेकडीच्या त्या टोकावर हल्ली मी घरी फोन करायलासुद्धा जात नाही, पलटणीच्या फोनवरनं करतो.

यंदा भाद्रपदाच्या तोंडावर, कामानं खाली तळावर उतरलो होतो तेव्हा, अनोळखी नंबरवरनं फोन आला. तिचे वडील. माझा नंबर त्यांनी कुठनं मिळवला मी विचारलं नाही. तब्येत विचारली, थंडी किती विचारलं. पोरगी पुण्यात सुखात हाय म्हणाले. मग जरा घुटमळले.

"गेल्या साली तुमी जेवून गेलासा आन् म्हातारा शांत झाला बगा. त्याच्या आधी रोज सपनात यायचा. औंदा रजा मिळंल का? दुसरा कोण त्या पाटावर बसवू वाटंना."

एवढ्या सगळ्यातनं त्या घरानं मला धाडलेलं हे एकच बोलावणं. मी येतो म्हणालो.