टिकले तर चालीन

नवे राज्य झाले, रायपूर राजधानी झाले आणि आमच्या समता कॉलनीतला चांगला रस्ता खोदून ठेवण्यात आला. त्या खड्ड्यात माझी पत्नी पडली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर हाड जुळले, परंतु ती पलंगावरून उतरेना. वकिलीच्या सवयीने मी संबंधितांना कलमांच्या उल्लेखासह पत्रे पाठवीत होतो. उत्तर एकाचेही येत नव्हते आणि तो सारा संताप घरातच येरझारा घालीत असे.

शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर इंग्लंडमधील सर्वोच्च साखळीचे फुटबॉल सामने लागत. मालिकांतल्या सासवांना विटून तिने तेच पाहायला सुरुवात केली आणि तळाशी रेंगाळणारा, पिवळ्या जर्सीचा एक संघ आपला मानला. हंगामाअखेर शेवटचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात, हे मी सांगितले तेव्हा ती उखडली.

"काढून टाकतेत? काहून?"

"नियम आहे."

"मंग त्याईले लिवा एक पत्र. इथलं तर कोणी वाचून नाही राहिलं."

फिजिओथेरपीची मुलगी रोज येऊन वॉकर पुढे करी. "आंटी, हड्डी जुड़ गई है, बस खड़े हो जाइए." पत्नी भिंतीकडे तोंड करी. वैद्यकीय सल्ला डावलणे हा निष्काळजीपणा ठरतो, असे मी मागे उभा राहून बजावी. एकदा चिडून ती म्हणाली, "हे पोट्टे टिकले तर चालीन. झालं समाधान?"

अनिश्चित घटनेवर आधारलेला करार ती घटना घडेपर्यंत अमलात आणता येत नाही. माझा निरुपाय झाला. आयुष्यात चेंडूला पाय न लावलेला मी दर शनिवारी त्या अनोळखी पोरांसाठी जीव टांगून बसू लागलो. ऑफसाइडचे निशाण वर गेले आणि गोल रद्द झाला, की मी ओरडे, "त्याचे म्हणणे ऐकून घेतले का?" ती हसे. पडल्यापासून ती फक्त तेव्हाच हसत असे.

मे महिन्यात शेवटचा सामना आला. जिंकणे भाग होते. बरोबरी झाली आणि संघ खाली गेला. एक आडदांड बचावपटू जर्सीत तोंड खुपसून रडत होता. तिने टीव्हीचा आवाज बंद केला. खोलीत कूलर तेवढा घरघरत राहिला.

"संपलं. आता नाही चालत मी."

"टिकले तर चालीन, एवढेच तू म्हणालीस. न टिकल्यास चालणार नाही, असे कुठे म्हटलेस? त्याबाबत करार काहीच बोलत नाही."

"वा रे वकील!" तिने मान फिरवली. मग हळू आवाजात म्हणाली, "मले पडायचं भेव नाही वाटत. पडल्यावर तुमचं वाटते. तुम्ही मांगं उभे राहता न, तं वाटते, मी पडली तं माह्यावरच खटला भरान."



"मग मी काय करू?"

"वॉकर इकडं सरकवा. अन् बाहेर जाऊन उभे राहा. दार लोटून घ्या."

मी व्हरांड्यात उभा राहिलो. आत पलंग करकरला. वॉकरचे पाय फरशीवर टेकले, उचलले, पुन्हा टेकले. मग आवाज थांबला. माझा हात कडीवर गेला होता. मी तो मागे घेतला आणि ओठ घट्ट मिटून उभा राहिलो.

वॉकर पुन्हा वाजला.