प्रॅक्टिकल घेणारे सर

मीरा रोडला एका गाळ्यात इंग्रजीचा क्लास होता. सूनबाईचा इंटरव्ह्यू जवळ आलेला, म्हणून तिला तिथं घातलं. मी चौथी पास, पण मागच्या बाकावर मीही बसायचो.

तेव्हा सर दुसऱ्याकडून काम करवून घ्यायची क्रियापदं शिकवत होते. खुर्चीतून हलत नसत. फळा शिकायला आलेली एक बाई पुसायची, चहा सूनबाई आणायची. मी विचारलं, "ही शिकणार कधी?"

"काका, हे प्रॅक्टिकल चाललंय. आता जरा पंखा वाढवा."

"सर, फी मी भरलीय. तुम्ही उठा."

उठले बिचारे.

घरी सूनबाई म्हणाली, "अप्पा, मला अभ्यास आहे. आजपासून चहा तुम्ही करा."

तिला नोकरी लागली. चहा अजून मीच करतोय.