एसीखाली टांगलेली डबी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, कंपनीतल्या एकाही मैत्रिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. पण मध्येच उठून जाऊ नका — एकदा थांबले तर पुन्हा तोंड उघडणार नाही माझं.

चाकणला आमची छोटी कंपनी. तिथली स्टँडर्ड रूम म्हणजे तयार झालेले ॲल्युमिनियमचे पार्ट मोजायची खोली. ती वीस डिग्रीवर ठेवावी लागते, कारण धातू तापला की फुगतो आणि माप चुकतं. मी क्वालिटीत इंजिनिअर. तिथला एसी जुना, कधी चालेल कधी नाही. म्हणून मी एक डबी बनवली — हो, मी स्वतः! तळेगावला घरी, स्वयंपाकाच्या ओट्यावर सोल्डरिंग करून. एक सेन्सर, एक छोटा बोर्ड, वायफाय. तापमानाचा आकडा मोबाइलवर दिसायचा, त्याची नोंद राहायची; तो बावीसच्या वर गेला की मला आणि साहेबांना ईमेल. काय मिरवले होते मी, विचारू नका.

पहिल्याच आठवड्यात दर दहा मिनिटांनी मेल. साहेब मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमचं खेळणं बिघडलंय. बंद करा ते." सगळे खो खो हसले. असा संताप आला होता मला! डबी खरं तेच सांगत होती — खोली गार होतच नव्हती. मला ते कळत होतं. पण मला काय हवं होतं, खोली गार व्हायला? छे. माझी डबी चांगली ठरायला हवी होती.

म्हणून गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीला, राहिलेल्या कामाचं निमित्त करून गेले. मापाच्या टेबलावरची डबी उचलली आणि एसीच्या तोंडाखाली टांगली. थेट गार वाऱ्यात. शुक्रवारपासून मेल बंद. साहेब म्हणाले, "जमलं की!" आणि मी चक्क थँक्यू म्हणाले.

आता मामांचं सांगते. तेच सांगायचंय, केव्हापासून टाळतेय.

बबनमामा. राजगुरुनगरकडचे, त्या खोलीत मापं घेता घेता केस पिकलेले. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. खोलीत पाऊल टाकलं की दंडावरून हात फिरवायचे आणि आज गार आहे की नाही ते सांगायचे. चुकायचे नाहीत.

खंडेनवमीला आम्ही सगळ्या मशिनींची पूजा करतो. मामा कुंकवाचं ताट घेऊन टेबलापाशी आले, तर डबी जागेवर नाही. मग वर दिसली. "आगं, हितं व्हती की. येवढ्या वर का टांगलीस?"

"खाली धूळ बसते, मामा."

त्यांनी स्टूल घेतलं, वर चढले, डबीला कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. मी खाली स्टूल धरून उभी. दोघंच होतो खोलीत. तेव्हा सांगता आलं नसतं का?

पुढच्या आठवड्यात ते म्हणाले, "पोरी, खोली गार न्हाई. आंगाला कळतंय." मी मोबाइलवर आकडा दाखवला — वीस पॉइंट तीन. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाले, पुन्हा दाखवला. तिसऱ्या दिवशी ते दंडावरून हात न फिरवताच मापं घ्यायला बसले. मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू?

आणि मग ग्राहकाकडून अख्खा लॉट परत आला. मामांनी पास केलेले पार्ट तिकडे मापात कमी भरत होते. चौकशी बसली. साहेबांनी माझ्याच डबीच्या नोंदी टेबलावर ठेवल्या. खोली गार, मशीन ठीक — मग चुकलं कोण? मामा खुर्चीत पुढे सरकून बसले होते, मांडीवर टोपी. साहेबांनी मला विचारलं, "मॅडम, या आकड्यांवर भरवसा ठेवायचा ना?"

मी म्हणाले — हो.

मामांना पॅकिंगला टाकलं. ते भांडले नाहीत. डोळे तपासून घेतले, नवा चष्मा केला आणि तो मला आणून दाखवला.

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा गेले. आधी डबीच्या मेलमधून साहेबांचा ईमेल पत्ता काढून टाकला, मग डबी टेबलावर परत ठेवली. दहा मिनिटांत माझ्या मोबाइलवर मेल आला. सव्वीस. मी तो डिलीट केला. सोमवारी साहेबांना सांगितलं, एसी फार आवाज करतोय, बदलून घेऊ. महिन्याभरात नवा आला. इतकं सोपं होतं ते.

दोन वर्षांनी मामांचा निरोप समारंभ झाला. शाल-नारळ घेऊन ते बोलायला उभे राहिले आणि हसत म्हणाले, "लय गुर्मी व्हती मला ह्या आंगाची. पोरीच्या डबीनं दावून दिलं, म्हातारा झालो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

अजून दसऱ्याला त्यांचा फोन येतो. डबी चालतीय का, विचारतात. मी हो म्हणते.

मामांचं अंग बरोबर सांगत होतं. खोली गरम होती.