साडेनऊचा शिळा निरोप

१४ ऑगस्ट, गुरुवार. डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आले. मंगळवारी खिडकीवरच्या बाईंनी माझी 'खोली दोन, साडेनऊ' ही वेळ बदलून 'खोली चार, साडेअकरा' केली. मला वाचून दाखवलं, मग बटण दाबलं, एकदाच. तरी मोबाइलवर निरोप जुन्याच वेळेचा. त्यावर विसंबले. दोन तास बाकावर.

सासूबाईंच्या वहीतली ही नोंद सुनेनं उभ्या उभ्याच वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. दवाखान्यातल्या संगणकाचा प्रोग्राम तिनंच लिहिला होता. तीन आठवडे चुकीचे निरोप जात होते आणि खापर फुटत होतं खिडकीवरच्या बाईंवर. बैठकीत सुनेनंच छातीठोकपणे सांगितलं होतं, "नोंद पक्की झाल्याशिवाय निरोप जातच नाही. बाई आधी चुकीचं टाइप करून मग दुरुस्त करत असणार." शनिवारी बाईंना कामावरून काढणार होते.

"आई, बटण एकदाच दाबलं, हे नक्की?"

"नक्की नसतं तर लिहिलं असतं का?"

"माझ्या चुकाही लिहिता वाटतं वहीत?"

"मिठाच्या तेवढ्या. बाकीच्या मला कळत नाहीत."

सून संगणकापुढे बसली ती दुपार टळेपर्यंत उठली नाही. निरोप नोंद पक्की झाल्यावरच जात होता, ते खरंच होतं. पण प्रोग्राम एकाच दमात ती नोंद दोनदा हातात घेत होता, एका कागदाच्या दोन प्रती घ्याव्यात तशी. पहिल्या प्रतीवर 'पेशंट खिडकीवर येऊन गेला' ही खूण, दुसरीवर नवी वेळ. पक्क्या नोंदीत दोन्ही उतरत. निरोप मात्र फक्त पहिल्या प्रतीवरून तयार होई, आणि तिला बिचारीला नव्या वेळेचा पत्ताच नसे.

दुरुस्ती चार ओळींची. गुपचूप करून टाकली असती तर कुणाला कळलंही नसतं. सुनेनं चपला पायात सरकवल्या.

"चूक बाईंची नाही, माझी आहे," तिनं मोठ्या डॉक्टरांना बाईंसमोरच सांगितलं. "बैठकीत मी न तपासता बोलले."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. "अहो, मला वाटलं मलाच दिसत नाही. चष्म्याचा नंबर बदलून घेतला मी."

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यांच्यासमोर सांगितलंस?"

"त्यांच्यासमोरच."

सासूबाईंनी वही ओढली आणि त्याच नोंदीखाली लिहिलं : चूक सुनेची होती. स्वतः जाऊन सांगून आली. अशी सून माझ्या घरात आहे.

मग खाली एक ओळ : संध्याकाळची भाजी तिनंच केली. मीठ जरा जास्त.