लाल शाईतलं 'हरा'
स्केचपेनचं टोपण उघडलं की तो गोडसर वास येतो आणि मला गुढियारीतलं आमचं रेल्वे क्वार्टर आठवतं. बाबा मालगाडीचे ड्रायव्हर. मेंदूच्या झटक्यातून उठले होते, पण पुन्हा इंजिनवर चढण्याआधी डॉक्टर त्यांची परीक्षा घेणार होते. त्या परीक्षेत कार्डावर लाल शाईनं हिंदीत 'हरा', म्हणजे हिरवा, असं लिहिलेलं असायचं. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. मी घरीच स्केचपेननं तशी कार्डं बनवली. आठवडाभर रोज दुपारी आम्ही बसायचो आणि बाबा दर वेळी शब्दच वाचायचे. "पोरी, मले रंग दिसून राहिला वं," ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "पण अक्षरच आधी तोंडात येते." शेवटी मीच हताश होऊन सुचवलं, "बाबा, चष्मा काढून पाहा ना." अक्षरं पुसट झाली, नुसता रंग उरला आणि त्यांची सगळी उत्तरं बरोबर आली. दवाखान्यातही त्यांनी हळूच चष्मा खिशात टाकला. चार कार्डं झाल्यावर डॉक्टर थांबले. "भैया, इंजिन में भी चश्मा उतारेंगे?" मी काही बोलणार, इतक्यात बाबांनी स्वतःच चष्मा चढवला. समोर लाल अक्षरं होती. त्यांनी ओठ घट्ट मिटले, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "हरा." मग चूक त्यांची त्यांनाच कळली. परतताना रिक्षात ते एवढंच बोलले, "बरं झालं वं, डॉक्टरनं विचारलं." डॉक्टरांनी विचारलं नसतं तर मी गप्पच राहून बाबांना इंजिनवर चढू दिलं असतं, हे मी त्यांना आजवर सांगू शकलेले नाही.