जाड रेष, बारीक रेष

"ही रेष जेवून आली अन् ही उपाशीच राहिली!" दोन प्रिंट हातभर लांब धरून, एक डोळा मिटून ताई म्हणायच्या. ज्याची रेष उपाशी, त्यानं मुकाट्यानं नवी प्रिंट काढायची.

तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेलच, ज्याच्या नजरेतून काही सुटत नाही. ताई मूळच्या लातूरकडच्या. घर मोशीत, नोकरी कुरुळीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात. आम्ही मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करायचो. तिघांची सॉफ्टवेअरं तीन. तीच रेष एकात ठसठशीत, दुसऱ्यात केसासारखी. तिसऱ्यात तर तुटक रेष कधी कधी सलगच उघडायची.

"कामाशी मतलब ठेवा, ताई," आम्ही म्हणायचो.

"रेष हेच तर काम आहे की आपलं!"

आणि एकदा घोळ झालाच. प्लेटच्या खालच्या बाजूला एक खाच हवी होती. वरून ती दिसत नाही, म्हणून आम्ही तुटक रेषेनं दाखवलेली. गिऱ्हाइकाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती रेष सलग दिसली. त्यांच्या माणसानं खाच वरूनच पाडली. प्लेट भंगारात.

त्यांचे साहेब तावातावानं आले. ऑर्डर जाणार, हे दिसतच होतं. "हे ड्रॉइंग पाठवलं कुणी?" आमच्या मालकांनी विचारलं. आम्ही सगळे खाली बघायला लागलो. ते पाठवलेलं आमच्यातल्या सातपुतेनं; त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्या घरी नुकतंच बाळ झालेलं.

ताई उठल्या. "कुणी ते मागून बघू. साहेब, आमची रेष तुमच्याकडं कशी दिसायलीय ते मला बघायचंय. कधी येऊ?"

साहेब जरा गडबडले. "आत्ताच चला," म्हणाले.

चाकणला त्यांच्या कंपनीत ताई दुपारभर बसल्या. कुठली रेष किती जाड, तुटक रेषेत फट केवढी, सगळं मिलिमीटरात ठरवून आल्या. मग आमच्या तिन्ही सॉफ्टवेअरांत तेच आकडे बसवले. साहेब त्यांची प्रिंट घेऊन आले, तेव्हा ताईंनी आमचे तीन अन् त्यांचा एक, असे चारही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. उजेडात एकच ड्रॉइंग दिसलं.

साहेबांनी कोपरान् कोपरा पाहिला आणि हसले. "ताई, आमच्याकडे येता का कामाला?"

"अन् हितल्यांकडं कोण बघणार?"

ऑर्डर राहिली, सातपुतेही राहिला. बारशाचं पहिलं बोलावणं ताईंना गेलं.

पुढे सासूबाई पडल्या, अंथरुणाला खिळल्या, आणि ताई नोकरी सोडून गावी गेल्या. वर्षभरात तिथं पोरींसाठी ड्रॉइंगचा क्लास काढला. पहिल्या दिवशी आम्हाला व्हिडिओ कॉल आला. "दिसायलंय का?" मागे दाटीवाटीनं बसलेल्या पोरी दिसल्या. तेवढ्यात कुणीतरी ताईंना हाक मारली. फोन टेबलावर तसाच ठेवून त्या गेल्या.

आम्हाला नुसता छताचा पंखा दिसत होता. "अगं, हात सैल सोड की!" ताईंचा आवाज, आणि पोरींचं खिदळणं. आमचा चहा गार झाला. कॉल कुणीच बंद केला नाही.